शेवटांची वही

"एकविसावं पान उघडा," कंडक्टर म्हणाला आणि त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे जवळजवळ आपटलंच.

ग्रंथपालबाईंनी चष्मा सारखा केला. समासात शिसपेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच ओळ होती. किल्लेदारच फितूर होतो.

"जन्मात पहिल्यांदा ऐतिहासिक कादंबरी घेतली मी," कंडक्टर म्हणाला. "तुमच्या त्या तीन ओळी वाचून घेतली. गडाला वेढा पडलाय, दाणागोटा संपलाय, आणि आतलं कोणीतरी बाहेर निरोप धाडतंय. कोण, ते शोधत मला तीनशे पानं जायचं होतं. एकवीस पानांत आटपलं."

बाईंनी फोन उचलला. "गोटीची आई ना? जमेल तशी ये. शेवट फोडलेलं पाचवं सापडलं."

वीस मिनिटांत ती आली. कडेवर दहा महिन्यांची गोटी, खांद्याला लंगोटांची पिशवी, केसांत तासाभरापूर्वी खोचलेला आणि विसरलेला कंगवा. तिने गोटीला बाईंकडे दिलं आणि पुस्तक हातात घेण्याआधी त्याचा कागद मागितला.

"कुठला कागद?" कंडक्टरने विचारलं.

"ज्यात बांधलं होतं तो. टाकलात?"

"नाही. डबा गुंडाळला होता त्यात." त्याने पिशवीतून खाकी कागद काढला. त्याला भाजीचा वास येत होता.

वाचनालयातला तो रॅक तिचीच कल्पना होती. चार फळ्या, चार रंग. पिवळी अद्भुत कथांची, लाल रहस्यकथांची, निळी विज्ञानकथांची, तपकिरी ऐतिहासिक कादंबऱ्यांची. प्रत्येक पुस्तक खाकी कागदात बंद, वर त्या त्या रंगाचा दोरा. नाव नाही, लेखक नाही. फक्त तीन ओळी. 'या गावात सावल्या विकायला असतात. एका मुलीला स्वतःची सावली परत हवी आहे. दुकानदार तिचा सख्खा मामा आहे.' एवढ्यावर निवडायचं.

गंमत अशी की माणसं निवडायला लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं एकाच कपाटापुढे उभं राहून पुस्तकं नेली, ती दुसऱ्याच फळीपाशी घुटमळू लागली. बँकेतले एक गृहस्थ तीन आठवडे निव्वळ चेटकिणींवर होते.

शनिवारी चार वाजता कमिटी बसणार होती. रॅक कायम झाला तर तो सांभाळायला अर्ध्या दिवसाची जागा निघणार होती, आणि बाईंनी त्या जागेसाठी गोटीच्या आईचं नाव दिलं होतं. बंद झाला तर तिथे वर्तमानपत्रांचं टेबल येणार होतं. बाळंतपणापूर्वी सोडलेल्या नोकरीनंतर तिच्या वाट्याला आलेलं, घराबाहेरचं हे पहिलंच काही होतं.

तिने कागद खिडकीशी धरला. जिथे त्याची कड चिकटवली होती तिथे वाचनालयाचा गोल शिक्का होता. अर्धा खालच्या कागदावर, अर्धा वरच्या.

"हा तुम्हीच फाडलात?"

"मीच. सरळ रेषेत फाडता येत नाही मला, बायको रोज सांगते."

शिक्क्याची दोन्ही अर्धुकं मात्र जिथल्या तिथे होती. फाटलं होतं ते दुसऱ्या बाजूने. म्हणजे पुडा मध्ये कोणी उघडला नव्हता. लिहिणाऱ्याने लिहिलं होतं ते पुस्तक बांधण्यापूर्वी.

"आणि हे कोरं करकरीत आहे," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात आलेलं. तुझ्याशिवाय कोणी वाचलेलंच नाही."

रॅकवर अठ्ठावीस पुडे होते. सगळे उघडून बघायचे तर रॅक त्याच क्षणी संपला असता. कंडक्टरने मान खाजवली आणि लाल दोऱ्याचा एक पुडा उचलला. "एक संधी देतो. दवाखान्यात खून. यात जर काही लिहिलेलं निघालं ना, तर मी परत क्रिकेटच्या पुस्तकांकडे."

तो गेल्यावर गोटीच्या आईने बोटांवर हिशेब मांडला. ती पुस्तकं घरी वाचायची, चिठ्ठ्यांवर तीन-तीन ओळी लिहायची. मंगळवारी सकाळी नवरा ऑफिसला जाताना गठ्ठा स्कूटरवरून आणून टाकायचा. बुधवारी दुपारी मागच्या खोलीत पुस्तकं बांधली जायची. मंगळवार सकाळ ते बुधवार दुपार. त्या वेळात मागच्या खोलीत कोण जातं?

"मी," बाई म्हणाल्या. "बाइंडर. आणि मास्तर, त्यांच्याकडे किल्ली असते."

मास्तर म्हणजे कमिटीचे कार्यवाह. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. ते वाचनकक्षात पेपर वाचत होते.

"मास्तर, तुम्हाला हा रॅक आवडत नाही, हे खरं ना?"

"साफ खरं. इतिहास वाचायचा तर इतिहास वाचावा. राजा मनात काय म्हणाला ते यांना कोणी सांगितलं?"

"मंगळवारी मागच्या खोलीत गेला होतात?"

"गेलो होतो. पंख्याचं बटण बघायला."

"पुस्तकांत तुम्ही लिहिलंत?"

मास्तरांनी पेपर खाली केला. त्यांना राग आला नव्हता, अपमान वाटला होता. "पोरी, मी लिहिलं असतं तर सन, तिथी आणि संदर्भग्रंथ लिहिला असता. 'किल्लेदारच फितूर होतो' हे काय लिहिणं झालं?"

बाइंडरकाका मागच्या खोलीत डिंक ढवळत होते. कानावर पेन्सिल होती. तिची नजर तिथे गेली आणि त्यांच्या ते लक्षात आलं.

"बघ, बघ. काढून बघ. सुताराची आहे, जाड. तसली बारीक रेघ हिने उठत नाही."

"काका, तुम्ही ही पुस्तकं वाचता?"

"मी शेवटची पानं वाचतो. तीच फाटून येतात ना माझ्याकडे."

"म्हणजे शेवट तुम्हाला माहीत असतात."

"शेवट माहीत असतात. कशाचे, ते कुठे माहीत असतं?" ते हसले. मग हसायचे थांबले. "मास्तर माझ्यावर ढकलणार बघ हे. चार दिवसांपासून मला 'या' म्हणत नाहीत, नुसतं बघतात."

ती घराच्या जिन्यात पोचली तेव्हा घरमालक वरून उतरत होते. वय झालेलं, बोलताना नेहमी एकाचं दुसऱ्याला सांगायचे.

"अगं, ते नवे भाडेकरू रविवारी खोल्या बघायला आले तर चालेल ना?"

"खालच्यांकडे विचारा आजोबा. ते सोडतायत जागा."

"खालचे होय?" ते क्षणभर थांबले, गोटीच्या गालाला हात लावून म्हणाले, "बरं बरं," आणि उतरले.

घरी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून होत्या. "आलीस? पोरीला भूक लागली असेल. पुस्तकांनी काय पोट भरतं का?"

नवरा लवकर आला होता. त्याने गोटीला घेतलं, हवेत उडवलं, झेललं. रॅकच्या चार फळ्यांना चार रंग त्यानेच दिले होते, दोन रविवार खर्चून. त्याला वाचनाची आवड नव्हती; ती जेवताना गोष्टी सांगायची, तो मन लावून ऐकायचा. शेवट मात्र ती सांगायची नाही. तो विचारायचाही नाही.

"सापडला का चोर?"

"चोर कसला. अजून नाही."

"मनाला लावून घेऊ नकोस. होईल ते होईल."

"पाळणाघरात नाव घालून येतोस का उद्या? जागा भरतायत म्हणे."

"शनिवार तर होऊ दे," तो म्हणाला. "घाई कशाला?"

बरोबरच होतं ते. आधी वाचनालयातली जागा तर मिळू दे. तिने लंगोटांच्या खणातून वही काढली.

ती शेवटांची वही. तीन ओळींत चुकूनही शेवट फुटू नये, म्हणून तिने स्वतःला लावून घेतलेली शिस्त. पुस्तक वाचलं की पहिल्यांदा वहीत शेवट लिहायचा, मग तो झाकून तीन ओळी लिहायच्या. वही वाचनालयात कधी नेली नव्हती. दुपारी गोटीला मांडीवर घेऊन वाचायचं, वाचता वाचता डोळा लागायचा, वहीत अक्षरं घसरत जायची. एकदा तर शेवटचं प्रकरण उरलेलं असताना तिने खुनी लिहून टाकला होता, इतकी खात्री होती. आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी पुरं केलं होतं. नुकसान झालेली पाचही पुस्तकं वहीत होती. अर्थात रॅकवरची सगळीच होती.

शुक्रवारी सकाळी कंडक्टर परत आला तो हसत.

"पुन्हा लिहिलंय. पान एकवीस. 'खून डॉक्टरने केला.' म्हटलं गेलं हेही. पण ड्यूटी आठ तासांची, दुसरं पुस्तक नाही, वाचत राहिलो. आणि काय सांगू बाई, डॉक्टरने केलाच नाही. कंपाउंडरने केला. मी शेवटपर्यंत डॉक्टरवर डोळा ठेवून बसलो आणि तो बिचारा निर्दोष. असली मजा तर न लिहिता आली नसती."

बाई हसल्या. बाइंडरकाका डिंकाचा ब्रश धरून हसले. "म्हणजे लिहिणाऱ्याने वाचलंच नाही."

गोटीची आई हसली नाही. तिने पुस्तक घेतलं, एकविसावं पान पाहिलं, बंद केलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. गोटीची झोपायची वेळ झाली."

घरी सासूबाई तांदूळ निवडायला बसल्या होत्या. ताट डोळ्यांच्या अगदी जवळ धरून.

"आई, एक विचारू? खणातली माझी वही तुम्ही कधी उघडलीत?"

"कुठली? ती निळी? उघडली होती एकदा. मला वाटलं पोरीच्या औषधांचं लिहिलंयस."

"वाचलीत?"

"तुझं अक्षर म्हणजे मुंग्या. मोतीबिंदू पिकलाय माझा, ताटातला खडा दिसत नाही, मुंग्या कुठून दिसणार? मी त्यालाच म्हटलं, वाचून दाखव रे, डोस काय लिहिलाय. तो म्हणाला हे औषधांचं नाही, गोष्टींचं आहे."

"कधी?"

"झाला असेल महिना. का गं?"

"तुम्हाला मी नोकरी करू नये असं वाटतं ना?"

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "वाटतं. तोंडावर म्हणतेच की मी. पोर लहान आहे, वर्षभर थांब. पण म्हणते, करत काही नाही. तू गेलीस तर सांभाळणार मीच ना तिला."

गोटीची आई तशीच जिना उतरली. घरमालकांचं दार उघडंच होतं.

"आजोबा, काल तुम्ही भाडेकरूंचं म्हणालात. ते खालच्यांबद्दल होतं?"

"नाही गं. तुमच्याच खोल्यांचं. तुझा नवराच सांगून गेला, महिनाअखेरीला सोडतो म्हणून. परगावी बदली झाली ना त्याची, वरच्या जागेवर? मला वाटलं काल मीच घोटाळा केला. माझं हे असं होतं आजकाल."

"नाही," ती म्हणाली. "तुमचा काही घोटाळा नाही झाला."

संध्याकाळी नवरा आला. त्याने गोटीला हवेत उडवलं, झेललं. तिने वाढलं, तो जेवला. "आज गोष्ट नाही?" त्याने विचारलं. "आज नाही," ती म्हणाली.

शनिवारी कमिटीची सात माणसं वाचनकक्षात बसली. बाइंडरकाकांना भिंतीशी उभं केलं होतं. बसा असं कोणी म्हणालं नव्हतं. कंडक्टर साक्ष द्यायला आला होता. गोटीला घेऊन नवरा मागच्या खुर्चीवर बसला होता. तो स्वतःहून आला होता, तिला धीर द्यायला.

"सहा पुस्तकं," मास्तर म्हणाले. "पुडे न उघडता. म्हणजे बांधण्यापूर्वी. बांधणारा कोण? बाइंडर. शेवटची पानं वाचतो हे त्याने स्वतःच कबूल केलंय. माझं मत, त्याला काढावं आणि रॅक बंद करावा. लोक चिडलेत."

"मी चिडलो नाही," कंडक्टर म्हणाला.

"मी बोलू का?" गोटीच्या आईने विचारलं.

मास्तरांनी हाताने बोला म्हटलं.

"बाइंडरकाकांनी हे केलेलं नाही. सहाव्या पुस्तकात लिहिलंय की खून डॉक्टरने केला. पुस्तकात खून कंपाउंडर करतो, आणि ते शेवटच्या पानावर ठळक आहे. शेवटचं पान वाचणारा माणूस ही चूक करणार नाही. पुस्तक वाचणारा कोणीच करणार नाही."

"मग न वाचता कोणी ठोकून दिलं असेल."

"बाकीचे पाच शेवट अचूक आहेत, मास्तर. किल्लेदाराचा, सावल्यांच्या दुकानातल्या मामाचा, सगळे बरोबर. पाच बरोबर आणि एकच चूक, हे ठोकून देऊन होत नाही. ते कुठूनतरी उतरवून घेतलेलं आहे. जिथून उतरवलं तिथेही पाच बरोबर आणि एक चूक असणार." तिने पिशवीतून निळी वही काढून टेबलावर ठेवली. "ही माझी. ते पुस्तक वाचताना माझा डोळा लागला. शेवटचं प्रकरण उरलं होतं. उठल्यावर मी माझ्या अंदाजाने डॉक्टर लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी पुस्तक पुरं केलं, पण पोरगी रडायला लागली आणि वही दुरुस्त करायची राहिली. डॉक्टरने खून केला असं जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. इथे."

मास्तरांनी वही उघडली, पान काढलं, चष्म्यातून आणि चष्म्यावरून पाहिलं. "मग तुम्हीच लिहिलं नाहीत कशावरून?"

"मी लिहिलं असतं तर कंपाउंडर लिहिलं असतं. मला खरा शेवट माहीत होता."

मास्तरांनी वही मिटून टेबलावर ठेवली.

"ही वही घराबाहेर कधी गेली नाही. घरात आम्ही तिघं मोठी माणसं. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, माझं अक्षर त्यांना लागत नाही. त्यांनी महिन्यापूर्वी वही एकाला वाचायला दिली. त्याला पुस्तकं वाचायची सवय नाही, म्हणून वहीतला शेवट चूक आहे हे त्याला कळायचं कारण नव्हतं. पुस्तकांचा गठ्ठा दर मंगळवारी तोच आणतो. सगळ्यांनी मंगळवार सकाळपासून मोजलं. मीही. त्याच्या आधी गठ्ठा एकट्या त्याच्या हातात असतो, ती वीस मिनिटं कोणी मोजली नाहीत."

ती मागे वळली नाही. बाकीचे सगळे वळले.

"काय बोलतेस?" नवरा म्हणाला. आवाज हळू होता. "मी रंग दिला त्या रॅकला."

"दिलास. तेव्हा तुझी बदली झाली नव्हती." आता ती वळली. "महिनाअखेरीला खोल्या सोडतो म्हणून घरमालकांना सांगितलंस. पाळणाघरात नाव घालू दिलं नाहीस. रॅक चालला तर मला जागा मिळणार, आणि जागा मिळाली तर मी येणार नाही म्हणणार. रॅक पडला तर मी आपोआप येणार. रडत येणार, आणि तू समजूत घालणार. बदली मग कधी सांगणार होतास? मी रडत असताना? चांगली बातमी म्हणून?"

गोटी त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती. त्याने ते सोडवलं.

"मी कोणाचं वाईट केलं नाही," तो म्हणाला. "चार ओळी लिहिल्या पेन्सिलीने. खोडरबराने जातील."

"बाइंडरकाकांना आज काढणार होते."

"ते मला माहीत नव्हतं."

"विचारायचं होतंस मला. एकदा. जेवताना."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते किंवा नसते. ते तू मला ठरवू दिलं नाहीस."

मास्तर खाकरले. त्यांनी एक खुर्ची ओढून भिंतीशी नेली आणि बाइंडरकाकांना म्हणाले, "बसा." मग जागेवर येऊन, वहीकडे बघत, "तुमच्या घरातूनच हे झालं. कमिटीला त्याचाही विचार करावा लागेल."

"तिनेच सांगितलं म्हणून आपल्याला कळलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "गप्प बसली असती तर बाइंडर गेला असता आणि आपण सगळे खूश होऊन चहा घेतला असता. विचार करायचाय तर याचा करा."

हात वर झाले. सातातले पाच. मास्तरांचा शेवटी झाला, खांद्यापर्यंतच, पण झाला.

"सोमवारपासून. साडेदहाला," बाई म्हणाल्या. "आणि वही यापुढे माझ्या कपाटात."

माणसं पांगली. कंडक्टर जाता जाता निळ्या फळीपाशी थांबला. नवरा दाराशी उभा होता. तिने गोटीला त्याच्याकडून घेतलं. त्याने सहज दिलं.

"घरी जाऊन बोलू," तो म्हणाला.

"आईंना सांगितलंयस का बदलीचं?"

"नाही."

"त्यांना आधी सांग. पोरीला कोण सांभाळणार याची काळजी करत बसल्यात त्या."

"मग आता माझं काय?" त्याने विचारलं.

"तुझं तू ठरवलंसच की," ती म्हणाली. "मला सांगायचं तेवढं राहिलं होतं."